आंबोलीच्या सहा एकरांत चहाचा मळा होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौकुळजवळ वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे, उंची सातशे मीटरच्या आसपास, पाऊस धो धो, हवा थंड. मुन्नारला जाऊन आल्यापासून डोक्यात आहे की इथे चहा का होऊ नये. रोपं कुठून आणायची, छोटं युनिट टाकून चहा स्वतःच बनवता येईल का, आणि गावाच्या नावाने पाकिटं विकता येतील का.

माझी नोकरीची पहिली वर्षं आसामात दिब्रुगडकडच्या बागेत गेली, नंतर निलगिरीत कुन्नूरला कारखाना सांभाळला, आणि आता कोल्हापुरात बसून लिलावातला चहा घेऊन दुकानदारांना ब्लेंड करून देतो. त्यामुळे शेत, कारखाना आणि बाजार अशा तिन्ही बाजू बघून सांगतोय. चहाचं झाड तुमच्याकडे जगेल, यात मला फारशी शंका नाही. पण झाड जगणं आणि मळा चालणं यात फार अंतर आहे. चहाच्या मळ्याला वर्षातले पुष्कळ आठवडे सतत नवा कोंब लागतो, दर आठवड्याला तो खुडणारे हात लागतात, आणि खुडलेलं पान त्याच दिवशी घेणारा कारखाना लागतो. या तिन्हींचा हिशोब आधी करू, रोपांचं शेवटी बघू.

आधी पाऊस. मिलिमीटर मोजले तर आंबोली निलगिरीला कुठल्या कुठे मागे टाकेल. पण चहाला वर्षाचा एकूण पाऊस किती यापेक्षा कोरडा काळ किती लांब, हे जास्त महत्त्वाचं. कुन्नूरला ऑक्टोबर ते डिसेंबरात ईशान्य मोसमी पाऊस मिळतो, एप्रिल-मेमध्ये वळीव होतात, मधल्या काळात धुकं आणि दव. आसामात नोव्हेंबर ते मार्च कोरडं असतं खरं, पण तेव्हा थंडीमुळे झाड तसंही झोपलेलं असतं, आणि मार्च-एप्रिलच्या पहिल्या सरींवर जागं होतं. तुमच्याकडे ऑक्टोबरात पाऊस संपला की पुढचा भरवशाचा पाऊस थेट जूनमध्ये. मार्च ते मे या महिन्यांत ऊन तापतं, हवा कोरडी पडते आणि झाड मात्र जागं असतं. ही जोडी चहाला सगळ्यात वाईट.

यावर बहुतेक जण म्हणतात, ठिबक टाकू. टाकावंच लागेल, पण त्याने काय होतं आणि काय होत नाही ते समजून घ्या. ठिबकने झाड मरत नाही. पण हवा फार कोरडी असली की मुळाशी पाणी असूनही कोंब लांबत नाही. टोकाची कळी बारीक होऊन निपचित पडते आणि नवं पान सोडणं थांबवते. बागेत याला बांझी म्हणतात. बांझी कोंबाला खुडणीत किंमत नाही, आणि वर त्याच कोरड्या दिवसांत लाल कोळी येतो. पानाची वरची बाजू तांबूस, गंजल्यासारखी दिसायला लागली की समजायचं तो आला. तुषार सिंचनाने हवेत थोडा ओलावा येतो, म्हणून आसामात उन्हाळ्याच्या तोंडाला तेच वापरतात. पण सहा एकराला मेपर्यंत तुषार चालवण्याइतकं पाणी तुमच्या झऱ्याला किंवा विहिरीला असतं का, हे तुम्हालाच माहीत. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर पाण्यात बुडलेली आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणारी गावं मी पाहिली आहेत.

पावसाळ्याचाही वेगळा त्रास आहे. जुलैत तुमच्याकडे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. ऊन नाही म्हणजे पान जोमाने येत नाही. शिवाय टाकलेलं नत्र पावसाबरोबर दरीत जातं, आणि सततच्या ओल्या धुक्यात कोवळ्या पानांवर ब्लिस्टर ब्लाइट हा बुरशीचा रोग येतो. म्हणजे वर्षाचे दोन तुकडे पडतात: एका तुकड्यात पाणी नाही, दुसऱ्यात ऊन नाही. चांगली खुडणी मिळेल ती जूनच्या सुरुवातीला आणि नंतर सप्टेंबर ते नोव्हेंबरात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सिंकोना, म्हणजे कोयनेलचं झाड, लावून पाहिला होता, थंड हवा आणि भरपूर पाऊस बघूनच. तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

"मग कर्नाटकात सकलेशपूरकडे कदमनेला इतक्या पावसात चहा कसा?" असं कोणी तरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो. तिथे वळवाच्या सरी तुमच्यापेक्षा लवकर आणि जास्त भरवशाने येतात, मोठी जुनी इस्टेट आहे, स्वतःचा कारखाना आहे. सहा एकराचा शेतकरी त्या तुलनेत बसत नाही.

आता जमीन. तुमच्याकडची माती आम्लधर्मी असणार, चहाला सामू (पीएच) साधारण 4.5 ते 5.5 लागतो, त्यामुळे तिथे अडचण नसावी. अडचण खोलीची आहे. आंबोलीच्या सड्यावर वीतभर मातीखाली जांभ्याचा कातळ लागतो. चहाचं मूळ खोल जायला हवं, निदान मीटरभर तरी मोकळी माती हवी, आणि पावसात पाणी तिथे साचता कामा नये. आसामात सपाट जमिनीवर तीन फूट खोल चर खणतात ते यासाठीच. तुमच्या सहा एकरात चार-पाच ठिकाणी माणसाच्या छातीएवढे खड्डे खणा. कुठे कातळ लागतो, कुठे खाली पिवळट-राखाडी चिकट माती लागते ते बघा. राखाडी म्हणजे तिथे पाणी तुंबतं. मला वाटतं, सहा एकरातली एक-दीड एकर, उतारावरची, जुन्या झाडीच्या कडेची, चहाला योग्य निघेल. बाकी सोडून द्यावी लागेल.

आणि सातबारा बघा. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे गावाने सामाईक कसलेल्या पण कोणा एकाच्या नावावर नसलेल्या जमिनीचा, प्रश्न जुना आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. चहाचं झाड पन्नास वर्षं आणि त्याहून जास्त उत्पन्न देतं. पहिल्या तीन वर्षांत फक्त खर्च असतो. अशा पिकासाठी जमीन तुमच्या नावावर निर्विवाद हवी. नसेल, तर पुढचं वाचण्याआधी तलाठ्याकडे जाऊन या.

आता मजुरीकडे येतो, कारण माझ्या अनुभवात लहान मळे हवामानाने कमी आणि मजुरीने जास्त बसतात. चहा खुडायचा म्हणजे दोन पानं आणि एक कळी. पाऊसकाळात नवं पान पाच-सहा दिवसांत उलगडतं, म्हणून दर सातव्या दिवशी त्याच झाडाकडे परत यावं लागतं. दहाव्या दिवशी आलात तर तिसरं आणि चौथं पान जून झालेलं असतं. ते तोडलं तर चहाचा दर्जा जातो, सोडलं तर खुडणीची पातळी वर चढते आणि झाड हाताबाहेर जातं. आमच्या बागेत आठवड्याचा राउंड चुकला की वरिष्ठ पाऊस, सुट्टी, लग्न काहीही कारण ऐकून घेत नसत. आता तुमच्या भागाचा विचार करा. जून-जुलैत नवा कोंब येतो, आणि नेमकी तेव्हाच भाताची लावणी असते. गावातली एकही बाई तुम्हाला त्या तीन-चार आठवड्यांत चहा खुडायला मिळणार नाही, आणि मिळाली तर लावणीचा दर मागेल. तिचंही बरोबरच आहे.

आकडे बघू. एका हेक्टरात साधारण 13,000 झाडं बसतात. समजा सगळे सहा एकर, म्हणजे 2.4 हेक्टर, लावले आणि निलगिरीतल्या बऱ्या मळ्यासारखं हेक्टरी 1,800 किलो तयार चहाचं उत्पन्न आलं, जे मला तुमच्याकडे येईल असं वाटत नाही, तरी समजा आलं. तर वर्षाला 4,300 किलो तयार चहा. ओल्या पानाचा तयार चहा बावीस-तेवीस टक्के निघतो, म्हणजे ओलं पान झालं साधारण 19,000 किलो. सरावलेली बाई दिवसाला पंचवीस किलोच्या आसपास हाताने खुडते, म्हणजे खुडणीलाच सुमारे 760 मजुरीचे दिवस लागले. 450 रुपये रोज धरला तर साडेतीन लाखांच्या जवळ. आसाम किंवा निलगिरीत लहान शेतकऱ्याला ओल्या पानाचा दर गेली काही वर्षं किलोला 15 ते 30 रुपयांच्या दरम्यान हलताना दिसतो, कधी त्याखालीही जातो. वीस रुपये धरले तर 3 लाख 80 हजार. खत, तण, फवारणी आणि चार-पाच वर्षांनी येणारी छाटणी अजून धरलेलीच नाही. निलगिरीतले बडगा या तिथल्या समाजाचे शेतकरी यात टिकतात कारण घरचेच लोक खुडतात आणि बहुतेकांचं रान एक-दोन एकरांचंच असतं.

शिवाय हे पान घेणार कोण? देशातला निम्म्याहून जास्त चहा आज लहान शेतकऱ्यांच्या पानातून होतो, पण त्यांच्यातले फार थोडे स्वतः चहा बनवतात. ते पान बॉट लीफ फॅक्टरीला देतात, म्हणजे बाहेरचं पान विकत घेणाऱ्या कारखान्याला. निलगिरीत इंडकोसर्व्ह या सहकारी संघाच्या फॅक्टऱ्या आहेत. आपल्याकडच्या साखर कारखान्यासारखीच ही व्यवस्था, फक्त उसापेक्षा चहाचं पान फार उतावळं. खुडल्यापासून पाच-सहा तासांत ते फॅक्टरीत पसरलेलं हवं. पान प्लास्टिकच्या पोत्यात दाबून भरलं आणि पोतं उन्हात ठेवलं, तर तासा-दोन तासांत आत हात घातल्यावर चटका बसेल इतकं तापतं, आणि पान लाल पडतं. लाल पडलेल्या पानाचा चहा फिकट आणि उकळून टाकल्यासारखा लागतो, पुढे कोणतीही मशिनरी तो सुधारू शकत नाही. तुमच्यापासून पाच-सहा तासांत पोचेल अशी पान घेणारी फॅक्टरी माझ्या माहितीत एकही नाही. चहा एकट्या शेतकऱ्याने होत नाही, परिसराने होतो. आजूबाजूच्या पाच-दहा गावांनी लावला तरच कोणी कारखाना टाकेल.

स्वतः कारखाना टाकायचा म्हणाल तर महाराष्ट्रात खपतो तो सीटीसी चहा, म्हणजे दाणेदार. ही पद्धत 1930 च्या सुमारास आसामात निघाली. त्यात दातेरी रोलरच्या जोड्यांतून पान तीन-चार वेळा काढतात, मग तासाभराच्या आसपास आंबवतात आणि गरम हवेत वाळवतात. ती लाइन दिवसाला काही हजार किलो पानावर चालते. तुमच्या सहा एकराचं पान भर हंगामात सरासरी दिवसाला शंभर किलो आलं तरी खूप. तेवढ्यावर सीटीसी चालत नाही. आणि चालवून तरी कोणाशी स्पर्धा करणार? आसामातल्या फॅक्टरीचा माल लिलावातून दोनशे-अडीचशे रुपयांच्या आसपास किलोने इथे येऊन पोचतो. गुवाहाटीचं लिलाव केंद्र 1970 चं, कुन्नूरचं 1963 चं. तिथे दलाल नमुने चाखून मोल लावतो, आणि त्याला एकसारख्या मालाचा पुरेसा मोठा लॉट लागतो. तुमची वीस-वीस किलोची, दर आठवड्याला वेगळ्या चवीची पोती तिथे कोणी उघडूनसुद्धा बघणार नाही.

मग हातात काय राहतं? हाताने बनवलेला थोडा चहा, थेट माणसांना विकलेला. तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी दिब्रुगडकडे नाही: पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी धबधब्यावर येणारी माणसं. माझं मत असं की आधी दोन गुंठ्यांत अडीचशे झाडं लावा आणि दोन पूर्ण उन्हाळे त्यांच्याकडे बघा. किती पाणी प्यायली, मार्च ते मेमध्ये किती टिकली, जूनमध्ये किती आठवडे चांगलं खुडता आलं, याची वही ठेवा. टिकली तर दहा गुंठ्यांपर्यंत जा, त्यापुढे नको. दहा गुंठ्यांचं पान घरची माणसं खुडू शकतात आणि त्यातून वर्षाला काही दहा-वीस किलो बारीक ग्रीन टी किंवा ऑर्थोडॉक्स, म्हणजे दाणेदार न करता पान वळून केलेला, काळा चहा निघेल. होमस्टेच्या अंगणात बसून पाहुण्याने तो समोर बनताना पाहिला तर साध्या चहाच्या आठ-दहापट दर द्यायला तो कुरकुरणार नाही.

यातही ग्रीन टीने सुरुवात करा, आणि याला कारण आहे. काळ्या चहासाठी पान आधी चौदा-सोळा तास सुकवून मऊ करावं लागतं, मग वळायचं, मग दोन-तीन तास ठेवून तांबूस होऊ द्यायचं. जुलैत तुमच्या हवेत कपडे सुकत नाहीत, तिथे पान कसं सुकणार? आम्ही पावसाळ्यात पानाखालून पंख्याने गरम हवा सोडायचो, तेव्हा कुठे सकाळपर्यंत जमायचं. ग्रीन टीत उलटं आहे. पान आणलं की लगेच वाफेवर किंवा तापलेल्या लोखंडी कढईत दोन-तीन मिनिटं परतून त्याचं तांबूस होणं थांबवायचं, गरम असतानाच हाताने चोळून पिळायचं, आणि मंद आचेवर पूर्ण कोरडं करायचं. कोरडं झालं की काडी वाकत नाही, कट्‌कन मोडते. मोडत नसेल तर अजून वाळवा. त्यानंतर लगेच हवाबंद डब्यात, नाहीतर कोकणातली हवा चार दिवसांत तो परत मऊ करेल आणि महिन्याभरात वास येईल.

किडीबद्दल एक गोष्ट तुम्हाला सोपी जाईल. चहावरचा टी मॉस्किटो बग म्हणजे तुमच्या काजूवरचा ढेकण्याच, त्याच कुळातला. कोवळ्या पानावर त्याने सोंड खुपसली की काळपट ठिपके पडतात, हे तुम्ही काजूच्या पालवीवर पाहिलेलं असेल. म्हणून चहाची झाडं काजूच्या बागेला लागून लावू नका. आणि फवारणी करायची तर टी बोर्डाच्या पीक संरक्षण संहितेत ज्या औषधांना परवानगी आहे तीच. चहाचं पान आपण न धुता उकळतो, त्यामुळे काजूला चालतं ते इथे चालतं असं समजू नका. गव्यांची चिंता मात्र कमी: गवा चहा खात नाही. तमिळनाडूतल्या वालपराईत चहाच्या मळ्यातून गवे आरामात फिरतात. कोवळी रोपं तुडवतो तेवढंच, म्हणून पहिली दोन वर्षं कुंपण लागेल.

आता पाकिटांचं. तुमचं खरं मन ब्रँडमध्ये आहे असं मला प्रश्नावरून वाटलं. तसं असेल तर त्यासाठी मळा लावायची गरजच नाही. सिंधुदुर्ग, बेळगाव, गोव्याच्या सीमेवरच्या हॉटेलवाल्यांना लागतो तो कडक, दुधात रंग धरणारा, लवकर उतरणारा चहा. त्यासाठी आसामचा बीपी किंवा बीओपीएसएम (या दाण्याच्या प्रतवाऱ्या) अंगासाठी, म्हणजे दाटपणासाठी, आणि जोडीला पीडी म्हणजे पेको डस्ट रंगासाठी, असा मेळ बसवतात. निलगिरीचा माल थोडा वासासाठी घातला जातो, फार घातला तर दुधात पातळ वाटतो. सुरुवातीला लिलावात स्वतः नोंदणी करण्याच्या फंदात पडू नका, नोंदणीकृत खरेदीदाराकडून पाच-दहा पोती घ्या. नमुना आला की हॉटेलवाल्याच्याच दुधात, त्याच्याच साखरेत, त्याच्याच स्टोव्हवर करून बघा, कारण तो तुमच्या कपातला चहा पीत नाही. कोरड्या दाण्यातून लोहचुंबक फिरवा, रोलर झिजून लोखंडाची भुकटी आली असेल तर ती लगेच चिकटते. ओल्या पांढऱ्या कागदावर चिमूटभर दाणे टाका. क्षणात पिवळा-केशरी डाग पसरला तर त्यात रंग मिसळलेला आहे, ते पोतं परत पाठवा. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी पहिल्या पाकिटाआधी हवी. आणि पाकिटावर "आंबोली टी" छापायचं तर आत खरोखर आंबोलीत पिकलेला चहा हवा. आसामचा चहा भरून गावाचं नाव लावू नका. दुकानाचं नाव वेगळं ठेवा, त्यावर कोणाची हरकत नाही.

राहता राहिली रोपं. ऑनलाइन "आसाम टी प्लांट" म्हणून मिळतात ती घेऊ नका, ती बियांची असतात की कलमांची, कुठल्या जातीची, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दक्षिणेसाठी काम करणारी उपासीची, म्हणजे दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या संघटनेची, चहा संशोधन संस्था वालपराईला आहे. कोरड्या काळाला तोंड देणारी उपासी-9 ही त्यांची जात आहे, तिच्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. त्यांच्याकडे किंवा निलगिरीतल्या एखाद्या नावाजलेल्या रोपवाटिकेत वर्षभराचं, पिशवीतलं, पेन्सिलइतक्या खोडाचं रोप मागा. जूनमध्ये दोन-चार चांगले पाऊस झाले की लावा, खड्ड्यात पाणी तुंबत नाही एवढं बघा, आणि पहिल्या ऑक्टोबरातच बुंध्याशी गवताचं जाड आच्छादन घाला. सावलीला सिल्व्हर ओक आधी लावून घ्या, रोपांच्या निदान एक वर्ष आधी. म्हणजे यंदा सावलीची झाडं आणि खड्डे, पुढच्या जूनला चहा. खड्ड्यांत काय लागलं आणि माती तपासणीत सामू किती आला ते कळवलंत, तर कुठला उतार निवडायचा ते सांगता येईल.